विमानातून उतरलेले अप्पा

मन्मथअप्पांना मी बसलेलं फार कमी वेळा पाहिलं. गेवराईच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानात गादी होती, लोड होता, लोडाला काकूंनी शिवलेली खोळ होती, पण त्या गादीवर मांजर बसायचं. अप्पा उभे. गिऱ्हाईक असो नसो, दाराच्या चौकटीला खांदा लावून, एक पाय पायरीवर टाकून, निम्मे दुकानात आणि निम्मे रस्त्यावर. कोणी म्हणालंच, "अप्पा, टेका की जरा," तर म्हणायचे, "टेकलं की मानूस दुसऱ्याच्या हातात जातंय." याचा अर्थ विचारायचा नाही. विचारला तर चहा येईपर्यंत ऐकावं लागे, आणि तो चहाही उभ्यानंच प्यावा लागे.

लग्नाच्या पंगतीत तर त्यांची कीर्तीच होती. पानं मांडली रे मांडली की अप्पांनी उपरणं कमरेला बांधून वरणाची बादली उचललीच म्हणून समजा. एवढा मोठा व्यापारी, पण बघा, गर्व न्हाई, सगळ्याला वाढतोय, असं लोक कौतुकानं बोलायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी गंगाकाकू, माझ्या कानाशी लागून म्हणायच्या, "कशाची सेवा घेऊन बसलाव मॅडम! पंगतीत बसलं की मधीच उठता येत न्हाई ना, म्हनून वाढत्यात." एसटीत ते ड्रायव्हरशेजारी बॉनेटला धरून उभे राहायचे, अगदी बीडपर्यंत, आणि मागं अर्धी गाडी रिकामी असायची. न्हाव्याच्या खुर्चीत बसावंच लागे, तर तिथं आरसा स्वतःच्या हातात धरायचे आणि त्या बिचाऱ्याला कात्री कुठं चालवायची ते सांगत राहायचे.

नाही म्हणायला रोज सकाळी एकदा मात्र ते निवांत मांडी घालून बसत. इष्टलिंगाच्या पूजेला. अंघोळ झालेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, डाव्या तळहातावर लिंग, डोळे अर्धे मिटलेले. त्या वेळचे अप्पा वेगळेच दिसायचे. मी एकदा म्हणाले, "अप्पा, इथं बरं बसता तुम्ही." तर म्हणाले, "इथं हातात असतंय ना मॅडम. हातात असलं की भ्या न्हाई."

मी मूळची केजकडची, युसूफ वडगावची. गेवराईच्या कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा खोली शोधत फिरत होते. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, की घरमालकांकडं अचानक पाहुणे राहायला यायचे असायचे. मला याची सवय होती, पण सवय झाली म्हणून राग यायचा थांबत नाही. भांड्यांच्या दुकानावरची खोली रिकामी आहे असं कळलं तेव्हा मी घरूनच भांडायच्या तयारीनं निघाले. दारातच सांगून टाकलं, "मी वाघमारे. भिंतीवर बुद्धाचा फोटो लावणार. चालत असेल तर बोला, नसेल तर चहा नको."

अप्पांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ते लावा हो. इमानात बसलाव का कदी?"

"दोनदा," मी म्हणाले. मला वाटलं, या माणसाला ऐकायला कमी येतं.

"उडताना पोटात काय होतंय?"

"काही नाही. थोडा गोळा येतो, मग जातो."

"जातो ना? मंग ऱ्हावा तुमी," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. भाडं किती तेही काकूंनीच नंतर सांगितलं.

हे काय गौडबंगाल आहे ते मला शेजारच्या अन्वरभाईंकडून कळलं. त्यांचं स्टो-कुकर दुरुस्तीचं दुकान. अप्पांशी बालपणापासूनची दोस्ती, त्यामुळं अप्पांची अब्रू काढायचा पहिला हक्क त्यांचा. "मॅडम, तुमाला किस्सा मालूमच न्हाई?" असं म्हणून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली.

किस्सा कळायला अप्पांचं एक पालुपद आधी सांगायला हवं. गिऱ्हाईकानं भांडं हातात घेतलं की अप्पा म्हणायचे, "वाजवून घ्या." मग स्वतःच बोटाचं पेर भांड्यावर मारायचे, टण्ण आवाज गिऱ्हाईकाच्या कानाशी नेऊन ऐकवायचे आणि आवाजावरून पत्रा किती जाड ते सांगायचे. हळूहळू ते भांड्यांपुरतं राहिलं नाही. जावई बघायला गेले तेव्हाही "वाजवून घेऊ," निवडणुकीत उमेदवार दारात आला तरी "वाजवून घ्यावा."

तर झालं असं, की बाजारातल्या व्यापाऱ्यांनी काशीयात्रा काढली. जायचं हैदराबादेहून विमानानं. अप्पा-काकूही निघाले. विमानात सगळे बसले, अप्पांना खिडकीची जागा मिळाली. बसल्या बसल्या त्यांनी सवयीनं शेजारच्या भिंतीवर बोटाचं पेर मारलं. आतून ती भिंत प्लास्टिकची, ती कशाला टण्ण वाजते! टप टप असा फुसका आवाज आला. अप्पांचा चेहरा उतरला. पुन्हा मारलं. पुन्हा टप टप.

"पत्रा पातळ हाय," अप्पा म्हणाले आणि उभे राहिले.

काकू म्हणाल्या, अहो बसा. शेजारचे म्हणाले, अप्पा बसा. विमानातली बाई गोड बोलत आली. अप्पा तिला म्हणाले, "बाई, मपल्या दुकानातली पोह्याची पातेली ह्याच्यापेक्षा जाड हाय. तुमी दार उघडा." दार उघडावं लागलं. त्यांच्या बॅगा विमानाच्या पोटातून शोधून काढाव्या लागल्या. बाकीची मंडळी विमानात घाम पुसत बसली आणि अप्पा पुढं, काकू मागं, असे दोघं खाली उतरले.

"आन मॅडम," अन्वरभाई डोळे पुसत म्हणाले, "हैदराबादहून गेवराईपर्यंत अप्पा बसमधे उभे! पूरा रस्ता!"

बाजारात अप्पा पुष्कळ. किराणावाले अप्पा, कापडवाले अप्पा. तेव्हापासून आमच्या घरमालकांची ओळख 'उतरलेले अप्पा' अशी झाली. अप्पा स्वतःही त्यावर हसायचे. फक्त काकू समोर असल्या की हसायचे नाहीत, कारण काकूंची काशी राहिली होती ती राहिलीच होती.

माझं तिथं दुसरं वर्ष असेल. एका दुपारी काकू जिना चढून वर आल्या, धापा टाकत आणि हसत. त्यांची एकुलती लेक शिवकन्या जर्मनीत होती, नवरा-बायको दोघंही तिकडं नोकरीला. "मॅडम, शिवकन्येला दिवस गेले!" असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडात साखर कोंबली. मग पलंगावर बसल्या आणि हसू कमी कमी होत गेलं. पहिलं बाळंतपण माहेरी. डॉक्टरांनी लेकीला एवढा प्रवास करू नको म्हणून बजावलेलं. मग काय, माहेरानंच उठून तिकडं जायचं ठरलं. आणि लेक फोनवर म्हणाली होती, "माहेर म्हंजे काय निस्ती आई असती का? अप्पांनाबी आन."

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन जिन्यानं वर जात होते तेव्हा खालच्या स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं. कान मी मुद्दाम दिला, उगाच सभ्यपणाचा आव आणत नाही.

"तू जा की," अप्पा म्हणत होते. "दुकान कोन बघंल?"

"दुकान महेश बघतोय. तसंबी तुमी रस्त्यावरच असता." महेश म्हणजे त्यांचा पुतण्या, दुकानातलं सगळं काम तोच ओढायचा.

"बाळाला काय, फोटोत बघता येतंय."

भांडं आपटल्याचा आवाज आला. "हे बघा," काकू म्हणाल्या, "मी एकदा उतरले. तुमच्यासंगं उतरले, तोंडातनं शब्द काढला न्हाई. ह्या टायमाला तुमी उतरलाव तर मी न्हाई उतरनार. मी जानार. तुमी खालनं हात हालवा."

मग अप्पा दारात आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तो गोळा नक्की जातो ना?"

जावई हुशार. त्यानं जर्मनीत बसून पुण्याहून खोकी पाठवून दिली. मोठा पडदा, विमानाच्या सुकाणूसारखं एक हँडल आणि पुढंमागं करायच्या दांड्या. कॉम्प्युटरवर विमान उडवायचं ते यंत्र होतं. रोज थोडं थोडं उडालं की भीती मोडते, असं त्याचं म्हणणं. महेशनं ते सगळं दुकानामागच्या गोदामात, पातेल्यांच्या उतरंडी आणि कुकरच्या खोक्यांमधे जागा करून मांडलं. आवाजाचे डबे ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते ताटांच्या फळीवर ठेवले. आणि तिथंच खरी मजा झाली. इंजिनांचा आवाज वाढला की फळी थरथरायची आणि सगळी ताटं, वाट्या, फुलपात्रं एकदम घुमायला लागायची. पायाखालची फरशीसुद्धा कापतेय असं वाटे. लाखो रुपयांचं यंत्र घेतलं असतं तरी असं उडायला मिळालं नसतं.

अप्पांनी पहिल्याच दिवशी महेशला बजावलं, "हैदराबाद लाव. जिथनं उतरलो तिथनंच चढनार." आणि त्या हँडलसमोर, स्टुलावर, चक्क बसले!

उडायची रीत अशी. धावपट्टीच्या टोकाला विमान उभं करायचं. पंखांच्या मागच्या झडपा थोड्या खाली सोडायच्या. दांड्या निम्म्यापर्यंत ढकलून इंजिनांचा आवाज सारखा झाला की ब्रेक सोडून दांड्या पुऱ्या पुढं. वेग वाढत जातो. एका ठरावीक वेगापर्यंत विमान थांबवता येतं. तो वेग आला की यंत्रातली बाई 'व्ही-वन' असं म्हणते. तिनं ते म्हटलं की संपलं, आता थांबायचं नाव काढायचं नाही, उडायचंच. मग ती 'रोटेट' म्हणते आणि हँडल हळूच आपल्याकडं ओढायचं.

अप्पांचं गाडं त्या बाईच्या तोंडाशीच अडायचं. वेग चढायला लागला, ताटं घुमायला लागली, की बाई बोलायच्या आत ते दांड्या खसकन मागं ओढायचे. विमान धावपट्टीच्या मधेच रुसून उभं राहायचं. "आज वारं लई हाय," अप्पा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "आज इंजनाचा आवाज बरा न्हाई." तिसऱ्या दिवशी काही कारण सुचलं नाही, तर महेशलाच बोलणी बसली.

शेवटी एका संध्याकाळी अन्वरभाई गोदामात आले, अप्पांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले आणि ऐन वेग चढताना म्हणाले, "उतरताय का बे?" अप्पा चिडून त्यांच्याकडं वळले, "कोन उतरतंय?" आणि तेवढ्यात बाई बोलून गेली. अप्पांनी पडद्याकडं पाहिलं, दांड्यांकडं पाहिलं. आता इलाज नव्हता. "रोटेट" झालं, अप्पांनी हँडल छातीशी ओढलं, धावपट्टी खाली खाली सरकत गेली आणि सगळा पडदा निळा झाला. पहिली दोन मिनिटं ते श्वास घ्यायलाच विसरले असावेत. मग ओरडले, "चाकं आत घे! महेश, चाकं!" महेशनं बटण दाबलं. अप्पांनी मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली की गादीवरचं मांजर रस्त्यावर पळालं.

त्यानंतर अप्पा वैमानिकच झाले. दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी गोदामात जायचं, मग पातेलं बघायचं. झडपा केव्हा आत घ्यायच्या, नाक किती वर ठेवायचं, ढगातून जाताना हँडलशी झोंबायचं नाही, हे सगळं अप्पा त्यांना समजावून सांगत. लिंबागणेशचा एक म्हातारा शेतकरी तांब्या घ्यायला आला होता, तो म्हणाला, "अप्पा, आमच्या गणपतीवरनं न्या की, पाया पडतो." अप्पांनी खरंच विमान तिकडं वळवलं. तो बिचारा दोन कप चहा पिऊन थांबला. पडद्यावर नुसती तपकिरी जमीन दिसत होती, देऊळ ना झाड, पण महेश "आलं, आलं" म्हणाला तेव्हा त्यानं टोपी काढून पडद्याला हात जोडले. अप्पांनीही एक हात कपाळाला लावला. दुसरा हँडलवरून काढला नाही.

एक मात्र होतं. ते विमान कधी खाली उतरवायचे नाहीत. चांगलं उंचीवर नेऊन ठेवायचे आणि "महेश, बंद कर" म्हणून दुकानात यायचे. कोणीतरी विचारलं, "अप्पा, उतरवत कावून न्हाईत?"

"उतरायला मला येतंय," अप्पा म्हणाले. "सगळ्या गेवराईला ठावं हाय."

सगळे खो खो हसले. काकू मात्र चुलीवरचं दूध बघावं तशा बारीक नजरेनं अप्पांकडं बघत होत्या. सगळे पांगल्यावर म्हणाल्या, "चालवायला लई झ्याक शिकलाव. पन तिकडं तुमाला चालवायला कोन देनार हाय? तिकडं बसायचंय. बसायला कदी शिकनार?"

खरं सांगते, इतक्या दिवसांत हे माझ्या गणिती डोक्यात आलंच नव्हतं. हातात हँडल होतं म्हणून ते निर्धास्त होते. ते काढून घेतलं की पुन्हा तेच अप्पा, तीच टप टप वाजणारी भिंत. आणि शिवकन्येला सातवा लागला होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पदर खोचला आणि स्टुलावर स्वतः बसल्या. मागं एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यात अप्पांना बसवलं आणि त्यांच्याच उपरण्यानं खुर्चीला बांधलं. गाठ ओढून बघितली. "ब्रेक सोडू का?" असं विचारलं. अप्पा कसनुसं "सोड" म्हणाले.

काकूंचे हात पुरण वाटून आणि कणीक तिंबून तयार झालेले. त्यांनी दांड्या अशा ठामपणे ढकलल्या की मी बघतच राहिले. इंग्रजी बाईचं बोलणं त्यांना महेशनं समजावून दिलं होतं. व्ही-वनच्या पुढं थांबता येत नाही हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजे अक्षदा पडल्यासारखं. तवर नवरदेवाला पळता येतंय, मंग न्हाई." तेव्हापासून बाईनं व्ही-वन म्हटलं की काकू मोठ्यानं ओरडायच्या, "अक्षदा पडल्या!"

पण अप्पांनी अक्षता पडूच दिल्या नाहीत. वेग चढला, ताटं घुमली, की उपरण्याची गाठ सोडून अप्पा उठलेच. "गिऱ्हाईक आलं वाटतं." काकू दांड्या मागं ओढून विमान थांबवायच्या आणि परत टोकाला नेऊन उभं करायच्या. दुसऱ्या दिवशी तेच. "दूध उतू जातंय का बघतो." घरात दूधच नव्हतं. एकदा तर हाताला काहीतरी धरायला हवं म्हणून फळीवरचा मोठा डाव घेऊन बसले. काकू म्हणाल्या, "ते ठिवा खाली. इमानात डाव नेऊ देत न्हाईत." डाव ठेवला आणि उठले.

असं आठवडाभर चाललं असेल. मग एक दिवस अप्पा उठले आणि काकूंनी विमान थांबवलंच नाही.

मी तिथंच होते. अप्पा गोदामाच्या दारात पोचले होते, खांदा चौकटीला लागला होता. मागून आवाज चढतच राहिला. ताटं थरथरत होती, वाट्या एकमेकींवर वाजत होत्या. "अक्षदा पडल्या," काकू म्हणाल्या, पण ओरडून नाही, हळूच. हँडल ओढलं. धावपट्टी खाली गेली. अप्पा वळून बघत होते. काकूंची पाठ, त्यांचा अंबाडा, आणि त्याच्यापुढं सगळं आभाळ. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. चाकं आत घेतली, झडपा आत घेतल्या, ढगात शिरल्या. मागची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावरून उपरणं लोंबत होतं.

अप्पांचा चेहरा लहान पोराला जत्रेत सोडून गेल्यासारखा झाला होता. ते हळूहळू आत आले, खुर्चीत बसले आणि उपरणं स्वतःच कमरेला गुंडाळायला लागले.

"मधीच बसता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," काकू पडद्याकडं बघत म्हणाल्या. "उद्या टायमावर या."

उद्या ते आले. बसले. "ब्रेक सोडू का?" "सोड." डोळे गच्च मिटलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे. वेग चढला तसे अर्धे उठलेही, पण परत टेकले. "अक्षदा पडल्या!" झालं. मी श्वास धरून होते, महेश फळी धरून होता.

"गेलो का?" अप्पांनी डोळे मिटूनच विचारलं.

"गेलाव," काकू म्हणाल्या, आणि तेव्हा मागं वळून हसल्या.

निघायचा दिवस आला. मला दिल्लीला कोर्सला जायचंच होतं, संभाजीनगराहून सरळ विमान होतं, पण काकू म्हणाल्या, तुमी संगं असलाव तर बरं. आणि अप्पांचा हट्ट हैदराबादचाच. मग काय, मी कुरकुरत त्यांच्याबरोबर एवढा लांबचा रस्ता केला. दिल्लीपर्यंत तिघं एकत्र, तिथून पुढं ते दोघं.

विमानाच्या दाराशी अप्पा थांबले. बोटाचं पेर वर गेलं. आता हा माणूस पत्र्यावर मारणार, एवढ्यात काकूंनी त्यांचं मनगट पकडलं. "आता वाजवायचं न्हाई. घेतलंय ते घेतलंय." ते मनगट त्यांनी मग सोडलंच नाही. अप्पांना खिडकीकडं सारलं आणि स्वतः वाट अडवून शेजारी बसल्या, म्हणजे उतरायचं झालं तर काकूंना ओलांडून जावं लागणार. मी मागच्या रांगेत. दोन खुर्च्यांच्या फटीतून मला अप्पांचा एक कान आणि काकूंचा हात दिसत होता.

दार बंद झालं. विमान हलायला लागलं. अप्पांची मान वर झाली.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "मला उतरू दे गं."

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गावभर ज्यावर हसलो ते असं असतं, हे मला तेव्हा कळलं. आता हे उठणार, ती बाई येणार, पुन्हा दार, पुन्हा बॅगा, आणि काकू या वेळी उतरणार नाहीत.

विमान वळून धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं. मग काकूंनी मोकळा हात पुढं केला, समोरच्या खुर्चीच्या पाठीशी, आणि बोटं मिटली. जणू तिथं दांडी होती.

"ब्रेक सोडू का?" त्यांनी विचारलं.

इंजिनांचा आवाज वाढत होता. विमान काही अप्पांच्या उत्तरासाठी थांबणार नव्हतं.

"तुज्या हातात हाय ना?" अप्पांनी विचारलं.

"माज्याच हातात हाय."

"मंग सोड."

काकूंनी हात पुढं ढकलला आणि आम्ही सुटलो. खुर्च्या थरथरल्या, डोक्यावरची कपाटं खडखडली. मी फटीला नाक लावून बघत होते. अप्पांचा कान लाल झाला होता, पण ते बसले होते. काकूंचा अंदाज थोडा चुकला. त्या "अक्षदा पडल्या" म्हणाल्या तेव्हा चाकं जमिनीवरून उचललीही गेली होती. अप्पांनी खिडकीतून खाली पाहिलं. हैदराबाद लहान लहान होत चाललं होतं.

"चाकं आत घे," अप्पा म्हणाले.

पायाखाली धडधड असा आवाज झाला.

"घेतली," काकू म्हणाल्या.

मला रडूच आलं, आणि शेजारच्या माणसानं मला विचारलं, पहिल्यांदाच बसताय का? मी म्हणाले, "हो." कुठं समजावत बसू! थोड्या वेळानं विमानातली बाई आली तेव्हा अप्पा तिला मराठीत सांगत होते, "बाई, पत्रा बरा हाय तुमचा."

नात झाली. अप्पांनी तिला मांडीवर घेतलेला फोटो महेशनं दुकानात लावला. त्यात अप्पा खुर्चीत बसलेले आहेत हे बघायला निम्मा बाजार येऊन गेला. तीन-चार महिन्यांनी दोघं परतले ते तक्रारी घेऊनच. जर्मनीतली भांडी जाड असली तरी वाजत नाहीत, म्हणे. 'उतरलेले अप्पा' हे नाव काही गेलं नाही. पण आता कोणी हाक मारली की अप्पा छाती काढून म्हणायचे, "हो, उतरलो की. पार जर्मनीत जाऊन उतरलो." आणि काकू समोर असल्या तरी हसायचे. पुढच्या थंडीत ते काकूंना काशीला घेऊन गेले, विमानानंच, आणि "ब्रेक सोड" एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या रांगेतली माणसं घाबरली, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं. तोवर मी अंबाजोगाईला आले होते.

महेशचा फोन आला तो सकाळी. पूजा आटोपून उठताना अप्पांना जरा घाबरल्यासारखं झालं आणि पाच-दहा मिनिटांत सगळं संपलं. मी मिळेल ती गाडी पकडून गेवराईला पोचले. बाजार बंद होता. अन्वरभाई दुकानाच्या पायरीवर बसले होते, अप्पांचा पाय असायचा त्याच पायरीवर. मला बघून म्हणाले, "जावा आत, बसलेत."

लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच समाधीला नेतात. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर विभूती, गळ्यात फुलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग. कलू नयेत म्हणून छातीवरून त्यांचंच उपरणं बांधलं होतं. दारातून बघताना मला सकाळच्या पूजेतलेच अप्पा वाटले.

न्यायची वेळ झाली. काकू उठल्या आणि त्यांच्यापुढं जाऊन वाकल्या. उपरण्याची गाठ त्यांनी ओढून बघितली, गोदामात रोज बघायच्या तशी. उचलायला आलेली माणसं थांबली.

"ब्रेक सोडू का?" काकूंनी विचारलं.

त्या क्षणभर तिथंच थांबल्या. मग बाजूला झाल्या आणि माणसांना वाट करून दिली.